पान चारवरचे मामाजी

मी माझ्या सासऱ्यांना त्यांच्या सबंध अड्याळ गावासमोर खलनायक ठरवलं. तेही त्यांचा सत्कार करायला गेलो असताना. चूक पूर्णपणे माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरात हे वाक्य रोज म्हणावं लागतं, त्यामुळे आता ते अडखळत नाही.

मला जुनी सुपरहिरो कॉमिक्स जमवायचा नाद आहे. लहानपणी आमच्या वरठी स्टेशनबाहेर एक टपरीवाला ती भाड्याने द्यायचा. तेव्हा शेवट कधी कळला नाही (शेवटचं पान कुणीतरी आधीच फाडलेलं असायचं), म्हणून आता विकत घेतो. घेतो, पण वाचत नाही. कॉमिक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पेटीत, पेटी पलंगाखाली. उघडलं की घडी मोडते, पिना सुटतात. माझी बायको सुनीता म्हणते, "वाचाचं नाही, खाचं नाही. तुमच्यापेक्षा माझं लोणचं बरं."

वाचत नसलो तरी ही कॉमिक्स कशी जन्मली, ते मात्र मी न विचारता सांगतो. अमक्या हिरोचा पोशाख निळा का (छापखान्यात तीच शाई उरायची), त्याला बुरखा कशासाठी, सगळं. सासरी हे ऐकून घेणारे एकटे मामाजी. त्याला कारण होतं.

मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, जिवलग मित्र होता सदाशिव पेंटर. तो मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रेतल्या, नाटकांचे पडदे रंगवायचा. पुढे दिल्लीला गेला आणि तिथे त्याने 'तेजबाण' नावाचा सुपरहिरो काढला. एकदा मंडईला गावी आला तेव्हा मामाजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चिंधू, तुले पुस्तकात टाकलो." एवढंच म्हणाला. मग परत गेला आणि तिकडेच वारला.

ते पुस्तक मामाजींनी कधी पाहिलं नाही. पण त्या एका वाक्यावर त्यांनी आयुष्य काढलं. दिवाळीनंतर मंडई भरली, लेकी-जावई जमले, की ती गोष्ट व्हायचीच. गुडघे गेले, पाठीला बाक आला, तरी हातात काठी घेईनात. डॉक्टरांनी सांगितलं, लेकीने सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तेजबाण काठी टेकते का?"

तर मला तेजबाणचा पहिला अंक मिळाला. न उघडलेला. मुखपृष्ठावर बुरखा घातलेला तेजबाण, छाती पुढे. मला भरून आलं. मी मंडईच्या कमिटीला भेटलो, तेजबाणच्या मूळ पुरुषाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. सकाळपासून भोंग्यावर तसं पुकारणंही सुरू झालं. अंक आधी उघडून पाहावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आलं असतं तरी पाहिला नसता. पिना!

सत्काराआधी मामाजींच्या अंगणात सगळे पाहुणे बसले होते. मामाजी धुतलेलं धोतर नेसून, दाढी करून मधोमध. मी जन्मात पहिल्यांदा एका कॉमिकची पिशवी फोडली. पान एकवर तेजबाण, बुरख्यात. पान दोनवर बुरख्यात. पान तीनवरही बुरख्यात. मामाजी मान पुढे काढून त्या बुरख्यात स्वतःला शोधत होते.

पान चारवर मामाजी आले.

पंख्यासारखे कान, मधून तुटलेली डावी भुवई, नाकाच्या शेंड्यावरचा तीळ, पुढच्या दातांमधली फट. काही म्हणता काही सुटलं नव्हतं. फक्त ते शहराच्या पाण्यात विष कालवत होते आणि त्यांचं नाव भुजंगा होतं.

सासूबाईंनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "कान तं यांचेच हायेत."

माझा साळा विलास मंडईच्या नाटकात काम करतो. हातात संवाद आला की त्याला राहवत नाही. त्याने भुजंगाचं हिंदी भाषण खड्या आवाजात वाचलं, हसण्यासकट. कुंपणापलीकडे माणसं थांबायला लागली. भोंग्यावर अजून मूळ पुरुषाचं नाव पुकारत होतेच.

इथे मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मला इतिहास माहीत! मी समजावायला लागलो, की हिरोला बुरखा घालतात तो मेहनत वाचावी म्हणून. बुरखा कुणालाही चितारता येतो. खलनायकाला मात्र खरा चेहरा लागतो, तोंडपाठ असलेला, म्हणून चित्रकार जवळच्याच माणसाचा घेतात.

"म्हणजे हिरो कोनीच नोहोता," मामाजी म्हणाले.

"नव्हता."

"अन् मी होतो."

"तुम्ही प्रत्येक अंकात आहात, मामाजी." (हे मी धीर द्यायला म्हणालो.)

ते उठले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. जेवले नाहीत. सत्काराच्या वेळी खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा कमिटीने हात धरून मलाच तिच्यावर बसवलं. शाल माझ्या खांद्यावर, नारळ माझ्या हातात, टाळ्याही मलाच. परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर सुनीताने माझा खांदासुद्धा धरला नाही. वरठी येईपर्यंत ती मागे आहे की पडली, हे मला आरशात पाहावं लागत होतं.

काही दिवसांनी विलासचा फोन आला. बाबा काठी घेऊन फिरून राहिले, म्हणाला.

काठीचं ऐकून मी अड्याळला निघालो. धानाची कापणी चालली होती. मामाजी शेतातल्या विहिरीजवळ बांधावर बसले होते, काठी शेजारी. मी शाल आणि नारळ त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"सद्या पेंटरच्या पडद्यावरच्या हत्तीले मी एकदा म्हैस म्हणलो होतो," ते म्हणाले. "पुऱ्या मंडईत. लोक लय हासले. तेच मनात धरलं असन त्यानं."

"तसं नसेल, मामाजी."

"नसन बी. आता पुसू कोनाले?"

एवढा इतिहास पाठ, पण हे कुठे छापलेलं नाही. मी हात जोडले. "मामाजी, माफ करा. अंक आधी एकट्याने उघडायला पाहिजे होता. आणि उघडल्यावर तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं."

मामाजी काठी हातात घेत म्हणाले, "जवाई, त्या पुस्तकात लय बोलनारा मानूस हाय का कोनी?"

अंक आता मी पूर्ण वाचला होता, आणि खोटं बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो. "आहे. एक प्रोफेसर आहे."

"त्याचं काय होते?"

"भुजंगा त्याला विहिरीत ढकलतो."

मामाजींनी विहिरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी पुन्हा एकदा माफी मागितली. या वेळी जरा मागे सरकून.