मांडीवरची चिकटपट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. शैलाला, माझ्या पत्नीला, तर नाहीच — आणि खरे म्हणजे तिलाच ते सर्वांत आधी कळायला हवे होते.

तुम्ही मला ओळखत असता तर म्हणाला असता, हा माणूस कधी आवाज चढवत नाही. शारजाच्या ज्या गॅरेजमध्ये मी स्टोअर सांभाळतो, तिथेही सगळे तेच म्हणतात. मग तो हात कुणाचा होता?

आमचा निनाद दीड वर्षाचा असताना शैलाचे दुसरे बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेले. करामा वस्तीतल्या आमच्या घरात ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. निनादच्या लशीची वेळ आली, तेव्हा मी त्याला घेऊन क्लिनिकमध्ये गेलो. आत कुणाचे तरी मूल किंचाळत होते. निनादने माझ्या मानेत नखे रुतवली. आणि मी — मी सुईला घाबरतो. माझ्या कानांत शिट्टी वाजू लागली, आणि त्याचे नाव पुकारले जाण्याआधीच मी बाहेर पडलो.

परत आत जाता आले नसते का? आले असते. मी शेजारच्या फार्मसीतून गोल चिकटपट्ट्या घेतल्या आणि त्यातली एक त्याच्या मांडीवर लावली.

"दिली ना?" शैलाने पडल्या पडल्याच विचारले. मी हो म्हणालो. क्लिनिकने कॉम्प्युटरवर नोंद केली आहे, असेही वर सांगितले. तिने त्या चिकटपट्टीवर ओठ टेकले. पुढच्या डोसच्या वेळीही मी हेच केले.

निनादला शाळेत घालताना तिथल्या नर्सचा फोन आला — मुलाचे दोन डोस राहिले आहेत. शैला ओट्यापाशी उभी होती. "असं कसं? तुम्हीच तर नेलं होतं. मी पट्टी पाहिलीय."

तिच्या स्वरात संशय नव्हता. हे मला पुन्हा लिहिले पाहिजे — संशय नव्हता. तरी मी तिच्या कानशिलात मारली. ती ओट्यावर कोलमडली. मी तिचे केस मुठीत धरले आणि तिचे तोंड कपाटाच्या दारावर आपटले, एकदा, आणि ती ओरडली म्हणून पुन्हा. तिचा ओठ फाटला. "काय आठवतं तुला त्या दिवसांतलं? शुद्ध तरी होती? तुलाच न्यायला सांगितलं होतं मी! एक घालवलंस, आता दुसरंही घालव!"

निनाद टेबलाखाली होता. त्याची चड्डी ओली झाली होती.

शैलाने हनुवटीवरचे रक्त पदराने टिपले, टेबलाखालच्या निनादकडे पाहिले आणि म्हणाली, "असेल. मीच विसरले असेन."

तेव्हा मी बोलू शकलो असतो. नाही बोललो.

दुसऱ्या दिवशी आम्ही राहिलेले डोस द्यायला गेलो. केरळची नर्स समजावत होती, "शुरू से नहीं करना पड़ता, भाभी. जहाँ छूटा, वहीं से देंगे." मग तिची नजर शैलाच्या ओठावर गेली. "ये क्या हुआ?"

"कपाट का दरवाज़ा लगा, सिस्टर."

दोन्ही दंडांत एकेक सुई टोचली गेली. लाथा झाडणाऱ्या निनादला शैलाने एकटीने छातीशी आवळून धरले होते. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो.

त्यानंतर मी तिच्यावर हात उचलला नाही. उचलण्याची गरजच उरली नाही — हे त्याहून भयंकर नव्हे काय? ती गॅस बंद केला का म्हणून दोनदा पाहते. दाराला कुलूप लावले का, हे मला विचारते. पाहुण्यांसमोर स्वतःच म्हणते, "माझ्या डोक्याची पार चाळणी झालीय हो." सगळे हसतात. मीही हसतो.

गेल्या महिन्यात निनादच्या बाळाची पहिली लस होती. त्याला आणि सुनेला रजा नव्हती. "बाबा, यू टेक हिम," निनाद म्हणाला. "आई विसरेल."

"हो रे बाबा," शैला म्हणाली, "माझ्यावर नका सोडू."

मी नातवाला घेऊन गेलो. या वेळी पळालो नाही, डोळेही मिटले नाहीत. कोवळ्या मांडीत सुई शिरताना पाहिली. घरी आल्यावर शैलाने दुपटे बाजूला केले, गोल चिकटपट्टीवरून बोट फिरवले आणि माझ्याकडे पाहिले.

"दिली ना?"

मी हो म्हणालो. तिने लगेच विश्वास ठेवला, आणि वाकून त्या चिकटपट्टीवर ओठ टेकले.