लाल गाडीच्या नाकावरचं बोट

पेपर तपासून तपासून मी इतकी कंटाळले होते, की शेवटची दोन वर्षं फक्त निवृत्तीच्या तारखेकडं डोळे लावून काढली. निवृत्त झाले आणि वर्षभराच्या आत दादानं माझ्यापुढं तीनशे कार्डं ठेवली आणि म्हणाला, यांना मार्क दे. देवानं माझ्या कपाळी लाल पेनच लिहिलेला असावा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आखातात, मोटारींच्या शर्यती होतात त्या मैदानाजवळच्या एका गॅरेजमध्ये तो सव्वीस वर्षं फिटर होता. तिथल्या दुकानांत छोटी पाकिटं मिळायची आणि त्यांत शर्यतीच्या गाड्यांची, त्या चालवणाऱ्यांची चकचकीत कार्डं असायची. बाकीचे लोक तिकडून सोनं आणत, ब्लँकेटं आणत. आमचा दादा कार्डं आणायचा. दर रजेला थोडी थोडी आणून श्रीरामपूरला माझ्या घरी कपाटाच्या खालच्या खणात एका पत्र्याच्या डब्यात ठेवून जायचा. त्याचं लग्न झालं नाही, आई माझ्याजवळच असायची, त्यामुळं त्याचं घर म्हणजे हेच. पुढं मधुमेहानं त्याचे डोळे गेले. साखर कारखान्यांच्या मुलखात जन्मलो, साखरेनंच खाल्लं, असं तो हसत सांगतो. आता त्याला दिवस आहे की रात्र एवढंच कळतं.

बहिणीच्या घरी बसून खायचं हे त्याला टोचतं. बोलून दाखवत नाही, पण दुसरी भाकरी घेताना हात आखडता घेतो. त्यालाच कुणाकडून तरी कळलं, की अशी जुनी कार्डं परदेशातल्या एका कंपनीकडं पाठवता येतात. तिथले लोक भिंगाखाली कार्ड तपासतात, दहापैकी मार्क देतात आणि जाड पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद करून परत धाडतात. डबी एकदा चिकटवली की आतल्या कार्डाला पुन्हा कुणाचा हात लागत नाही. मार्क चांगले पडले तर शौकीन लोक चांगली किंमत देतात. पुण्यातला एक एजंट सगळ्यांची कार्डं गोळा करून एकदम पाठवतो. पण दर कार्डामागं फी एवढी, की सरसकट पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून दहाच पाठवायची असं ठरलं. कोणती दहा, ते बघून मी सांगायचं. डोळे माझे, अक्कल त्याची.

दुपारची जेवणं झाली की आम्ही खिडकीजवळ बसायचो. बाहेर उसाच्या ट्रॉल्या कर्णे वाजवत जायच्या आणि मला झापड यायची. मी कार्डावरचं नाव वाचायचे आणि दादा लगेच सांगायचा, हे याच्या पहिल्या वर्षाचं कार्ड, ठेव. याची पोत्यानं निघालीत, सोड. सगळा डबा त्याला पाठ होता. निवडलेल्या कार्डाची मग खरी तपासणी. चारही बाजूंची पांढरी किनार सारखी आहे का, ते कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजायचं. कोपरे टोकदार हवेत, झिजलेला कोपरा चालत नाही. मग बॅटरीचा उजेड तिरपा पाडायचा, म्हणजे वरच्या चकाकीवरचे ओरखडे दिसतात. काहींच्या कडा कसरीनं खाल्ल्या होत्या. ते सांगताना मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण कपाट माझं आणि डांबरगोळ्या टाकायला मी विसरलेली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी थकले. पाठ भरून यायची, अक्षरं नाचायची. कोणतंही कार्ड आलं की म्हणायचे, चांगलं आहे. दादाला ते लगेच कळलं.

"पोरान्ला बी असंच मार्क वाटलं का गं?" तो म्हणाला.

मला राग आला. अख्खी नोकरी मी एका मार्कासाठी पालकांशी भांडले होते. त्या दुपारपासून मी इतकी कडक झाले, की दोन दिवसांत एकही कार्ड पास झालं नाही. मग त्यालाच माझी समजूत काढावी लागली.

असं करत करत नऊ ठरली. दहावं कोणतं हे आधीपासून ठरलेलंच होतं. लाल गाडीचं कार्ड. ज्या चालकाचं ते होतं तो पुढं फार मोठा झाला आणि हे त्याच्या अगदी पहिल्या वर्षातलं. दादा तरुण असताना त्याच्या तोंडी याच कार्डाचं कौतुक असायचं. पण रोज मी विचारलं, की तो म्हणायचा, ते शेवटी बघू. मीही बरं म्हणायचे आणि सुटल्यासारखी पुढचं कार्ड उचलायचे. त्या कार्डावर काय आहे ते मला माहीत होतं. त्याला माहीत नाही, असं मी धरून चालले होते.

गोष्ट दादा आखातात असतानाच्या एका खंडेनवमीची. त्या दिवशी आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. विळी, कात्री, कोयता, माझं शिवणयंत्र, ह्यांची सायकल, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. ज्याचं पोट ज्याच्यावर, त्यानं ते पुजायचं. त्या वर्षी आई पाटाकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, सगळ्यांची हत्यारं आली, त्याचं कुठंय? मी म्हटलं, दादाचे पाने तिकडं गॅरेजमध्ये, इथं कुठून येणार. मी नैवेद्याचं बघायला आत गेले आणि परत आले तेव्हा आईनं कपाटातला डबा काढला होता. सगळ्यांत वर ठेवलेलं लाल गाडीचं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून काढून पाटावर कोयत्याशेजारी ठेवलं होतं. तिचा हिशेब सरळ होता: मोटारीवर पोरगं जगतं, आणि ही मोटार. ओल्या बोटानं तिनं गाडीच्या पांढऱ्या नाकावर आधी हळद आणि वर कुंकू टेकवलं होतं. बरोबर मधोमध. एका बाजूला केसभरही जास्त नाही.

मी मास्तरीण, मला समजायला हवं होतं. ओरडायला पण हवं होतं. पण आईचा चेहरा इतका निवांत होता, की मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सुकलेलं कार्ड पाकिटात सरकवलं. दादाला कळवायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही, मी राहू दिलं. पुढं आई गेली, मग त्याचे डोळे गेले, आणि आता सांगून काय उपयोग असं मी स्वतःला समजावलं.

तर नऊ कार्डं ठरली त्या संध्याकाळी दादा म्हणाला, उद्या लाल गाडी. मला जेवण गेलं नाही. या कार्डावर त्याचा केवढा जीव, आणि तिकडं कुणीतरी भिंगातून बघून त्याला दोन मार्क देणार. का दिले तेही लिहून येणार, आणि ते मलाच त्याला वाचून दाखवावं लागणार. सकाळी तो अंघोळीला गेल्यावर मी कार्ड काढलं. आधी चष्म्याच्या फडक्यानं हलकेच पुसलं. मग ओला कापूस फिरवला. कुंकू थोडं फिकं झालं, हळद हललीच नाही. शेवटी मी तेच केलं जे आयुष्यभर करत आले. कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं.

निघालं. नाक पुन्हा पांढरं झालं आणि मला इतकं हलकं वाटलं, की मी चहा टाकला. मग सवयीनं बॅटरी तिरपी धरली आणि बघितलं. जिथं बोट होतं, तिथली चकाकी गेली होती. बोटाएवढा एक आंधळा डाग. दादानंच मला सांगितलं होतं, की मळकं कार्ड ते लोक कमी मार्कांत का होईना, घेतात. पुसलेलं, खोडलेलं कार्ड मार्क न देताच परत करतात. इतके दिवस ते वाक्य माझ्या कानावर पडत होतं, आणि ऐन वेळी मला ते आठवलं नाही.

दुपारी आम्ही बसलो. मी पट्टी लावली, किनारी सांगितल्या, कोपरे सांगितले. सगळे खरे सांगितले. वरचा भाग कसा आहे म्हणून त्यानं विचारलं. स्वच्छ आहे, मी म्हणाले.

दादानं हात पुढं केला. इतक्या दिवसांत त्यानं एकाही कार्डाला हात लावला नव्हता, बोटांचं तेल लागतं म्हणून. मी त्याच्या तळहातावर कार्ड ठेवलं. त्यानं अंगठा गाडीच्या शेपटापासून पुढं सरकवत आणला. नाकापाशी अंगठा थांबला, मागं गेला, पुन्हा तिथंच आला.

"पुसलंस?" तो म्हणाला.

मला खोटं बोलता आलं नाही. हो म्हणाले. आणि मग सगळंच सांगत सुटले, खंडेनवमी, पाट, कोयता, आई. तो मध्येच म्हणाला, मला ठाऊक हुतं. त्याच्या पुढच्याच रजेला त्यानं डबा उघडला होता आणि बघितलं होतं. आईला विचारलं नाही, मलाही नाही. कार्ड होतं तसं पाकिटात घातलं आणि सगळ्यांत खाली ठेवलं. मला तेही कधी जाणवलं नव्हतं, की वरचं कार्ड खाली गेलंय.

"आईला लिहिता येत न्हवतं," दादा म्हणाला. "सव्वीस वर्सात तिच्या हातचं माझ्याकडं तेवढंच आलं. त्या डबीत ते कायमचं बंद झालं असतं. मार्क एक का पडंना."

मग आधी का नाही बोललास, मी विचारलं. माझा आवाज चढला होता. चूक माझी आणि चिडत मी त्याच्यावर होते.

"तू सांगशील म्हनून थांबलो," तो म्हणाला.

मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. मी त्याचे डोळे म्हणून बसले होते आणि नेमकी एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली. तीही त्याला दिसलेली होती. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं कार्ड परत दिलं आणि म्हणाला, नऊच पाठव.

दुसऱ्या दिवशी नऊ कार्डं खोक्यात भरली, वर पुण्याचा पत्ता घालायचा होता. पेन शोधायला कंपासपेटी उघडली, तर आत ते खोडरबर होतं. त्याचा एक कोपरा लाल झाला होता आणि त्या लाल डागाच्या कडेनं बारीक पिवळी रेघ होती. मी पेटी बंद केली. पुन्हा उघडली.

दादा खिडकीशी बसला होता. मी जाऊन त्याला सांगितलं, की रबराला थोडं कुंकू लागलंय, फार नाही, एका कोपऱ्याला.

त्यानं हात पुढं केला.