तापताना आणि निवताना

माझे शेजारी खालापूरजवळच्या एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. भट्टीत धातूवर तरंगणाऱ्या वितळलेल्या मळीतून, म्हणजे स्लॅगमधून, वीज किती सहज वाहते ते मोजतात. माप दोनदा घेतात, मळी तापताना आणि निवताना. दोन्ही आकडे जुळले तरच ते खरे मानतात.

माणसांनाही ते एकच प्रश्न दोनदा विचारतात, आल्यावर आणि निघताना. "बरं हाय ना?" याला मी दोन्ही वेळा हो म्हणतो.

त्यांची मुलगी कर्जतला नर्स आहे. तिला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मीही होतो. चहा देताना त्यांनी विचारलं, "लग्नानंतर पोरीची नोकरी चालंल ना?"

"चालंल काय, पळंल!" मुलाचे वडील म्हणाले.

पाहुणे चपला घालत असताना त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"ते बघू की मागनं. घरात पण माणूस लागतं."

"जुळत नाय," असं म्हणून त्यांनी स्थळ तिथेच नाकारलं आणि पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

आत येऊन त्यांनी मुलीला विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"नाय बाबा. आन दुसऱ्यांदा पण नायच धरा."

त्यांनी ते धरलं नाही. "दुसऱ्यांदा उद्या इचारतो," ते म्हणाले. "निवल्यावर."