कुलूपवाल्याच्या गच्चीवरचा कावळा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुलपं-किल्ल्यांचं एक दुकान आहे. दुकान कसलं, भिंतीला पडलेलं खिंडार म्हणा. आत एक माणूस, एक कानस, किल्ल्या कापायचं यंत्र आणि छताला लोंबणारे कोऱ्या किल्ल्यांचे झुबके एवढंच मावतं. दुसरा माणूस आत शिरला तर पहिल्याला बाहेर यावं लागतं. या पहिल्या माणसाला सगळी गल्ली हिसकेभाऊ म्हणते. हे आडनाव नव्हे. कुलूप लावायचं, हिसका देऊन पाहायचा, चार पावलं जायचं, परत यायचं आणि पुन्हा हिसका द्यायचा, या सवयीची ती कमाई.

एकदा मी किल्ली आत विसरून घराबाहेर अडकलो. भाऊ हत्यारं घेऊन आले, कुलपासमोर बसले आणि मला विचारलं, "आत पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"

"अहो भाऊ, मी तुमचा शेजारी! रोज भेटतो आपण."

"भेटता रस्त्यावर. घर तुमचंच कशावरून?"

मी हिरवे म्हणालो. दार उघडलं तर पडदे निळे. बायकोनं कधी बदलले, देव जाणे. तेव्हापासून भाऊ माझ्याशी बोलतात प्रेमानं, पण डोळ्यांत तो पडदा कायम असतो.

आणि तरीही सांगतो, वडिलांच्या मानानं हा माणूस अगदीच भोळा. वडील, म्हणजे आबा, हेही कुलूपवालेच. भाऊंनी दुरुस्त केलेलं प्रत्येक कुलूप आबा उचलायचे आणि वाकवलेली तार आत घालून ते फसवता येतं का पाहायचे. उघडलं तर काही न बोलता खाली ठेवायचे. नाही उघडलं तरी काही न बोलता खाली ठेवायचे. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी भाऊंना कळलं नाही, आपण पास की नापास. दुकानाची किल्ली आबांच्या कमरेला. पाय थकले तेव्हा आबा मुलाच्या खांद्यावर हात टाकून दुकानापर्यंत यायचे, कुलूप स्वतः काढायचे आणि मग मुलाला आत सोडायचे. गेले तेही किल्ली कमरेला ठेवूनच. मुलानं ती मागितली नाही, आबांनी दिली नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसून मान वाकडी करून पाहत राहिला आणि उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. तशी सोय आहे, त्यात वावगं काही नाही. पण भाऊंचा चेहरा पडला. घरी येताना मला म्हणाले, "डुप्लिकेट किल्लीनं कुलूप उघडतं हो. पण म्हणून घर काही आपलं होत नाही." मग वर्षभर तो माणूस कानस चालवता चालवता मध्येच थांबायचा. कशाचा विचार करतोय हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आबा आपल्यावर नाराज होऊन गेले का?

वर्षश्राद्धाला मला बोलावलं होतं. बोलावताना भाऊ म्हणाले, "या, पण निळं काही घालू नका." कारण मी विचारलं नाही.

गच्चीच्या कठड्यावर पान मांडलं होतं. भात, भाजी, गोडाचं, सगळं आबांच्या आवडीचं. भाऊ सोवळं नेसून हात जोडून उभे. शेजारी परगावाहून आलेली त्यांची धाकटी बहीण, मागे पदर खोचलेल्या वहिनी आणि कडेला घड्याळाकडे चोरून पाहणारे गुरुजी. गुरुजींना पुढे आणखी एक घर होतं, पण तसं सांगायची हिंमत होत नव्हती. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता. एकच. पानाकडे पाहत, मान वाकडी करून.

"तोच आहे," भाऊ पुटपुटले.

"कोण तोच?" बहीण म्हणाली.

"दहाव्याचा. मान बघ ना."

"दादा, सगळे कावळे मान वाकडीच करतात."

"तुला काय माहीत? तू आलीस सकाळी." भाऊंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "तू काही बोलली होतीस का आबांना? शेवटच्या वेळी?"

"मी? मी त्यांना शाल पाठवली होती!"

"लोकरीची?"

"हो."

"त्यांना टोचायची लोकर."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंस! आणि माझी झडती कसली घेतोस? दुकानात नवीन यंत्र तू आणलंस. आबांना कानशीनं घासलेली किल्लीच खरी वाटायची. तेव्हापासूनच फुगले होते ते."

भाऊंच्या ते वर्मी लागलं. कावळ्याकडे पाहून म्हणाले, "आबा, यंत्र विकून टाकतो." कावळ्यानं चोच टाकीला घासली. बहीण म्हणाली, "आबा, मी दर महिन्याला येईन." कावळा तिथंच. मग भाऊंचा संशय गुरुजींवर गेला. एखादा मंत्र गाळला का, म्हणून विचारणा झाली. गुरुजींनी कान धरले. मग भाऊंनी माझ्या पायांकडे पाहिलं. मोजे निळे होते. मी मुकाट्यानं ते काढून खिशात घातले. कावळ्याला त्याचंही काही वाटलं नाही.

"थोडं ऊन चढलंय," गुरुजी हळूच म्हणाले. "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा..."

"नाही!" भाऊ एवढ्यानं ओरडले की कावळासुद्धा दचकला. "डुप्लिकेट नको. आज खरा कावळा शिवेल, नाहीतर मी इथून हलणार नाही."

तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, "तो कसा येईल? आज मी चव कुठं घेतलीय?"

सगळे वळले.

"श्राद्धाचा स्वयंपाक. आधी चाखायचा नाही, म्हणून नाही चाखला. मीठसुद्धा अंदाजानं घातलंय."

"मग? नियमच आहे तो," भाऊ म्हणाले.

"अहो, नियम तुमचा आणि गुरुजींचा. मामंजींचा नियम वेगळा होता. सासूबाई गेल्यापासून त्यांनी माझ्याआधी कधी घास घेतलाय? पान वाढलं की म्हणायचे, आधी तू. प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं मी त्यांच्यासमोर खायचं, मग ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मला काही होत नाही असं दिसलं, की मग जेवायला सुरुवात."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही दुपारी दुकानात. आणि बोलून काय करायचं? तुम्ही तरी काय, दूध आणलं की आधी मांजराला देता."

बहिणीला हसू आवरेना. गच्चीवर सगळे पेचात पडले. कावळा शिवल्याशिवाय माणसांनी खायचं नाही, आणि माणसानं खाल्ल्याशिवाय हा कावळा शिवणार नाही. अशी दोन्हीकडून लागलेली कडी भाऊंनीही आजवर पाहिली नसेल.

"मी खाते वेगळ्या ताटलीत, त्याच्या डोळ्यांसमोर," वहिनी म्हणाल्या. "पानाला हात लावत नाही. चालेल ना, गुरुजी?"

गुरुजींनी आकाशाकडे पाहिलं. पुढच्या घरची मंडळी तिथं दिसली असावीत. "माझी पाठ आहे तिकडे," ते म्हणाले, आणि खरोखरच पाठ फिरवून उभे राहिले.

वहिनी ताटली घेऊन आल्या. त्यांनी घास उचलला, तोच भाऊंनी त्यांचा हात धरला.

"तू नको."

"का? विष घातलंय मी?"

"तसं नव्हे गं. तुझ्यावर त्यांचा भरवसा होताच. तू खाल्लंस आणि कावळा आला, तर तो तुझ्या भरवशावर आला. माझं काय?"

एवढं बोलून त्यांनी ताटली घेतली. सोवळ्यातला, सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेतलेला तो माणूस कठड्याशी गेला. टाकीकडे तोंड करून त्यानं भाताचा घास घेतला, मग भाजीचा, मग गोडाचा. सावकाश चावून गिळलं. मग लहान मूल औषध गिळल्यावर दाखवतं तसं तोंड उघडून जीभ बाहेर काढली.

कावळा टाकीवरून उडाला आणि कठड्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसला. पानाकडे नाही, भाऊंच्या तोंडाकडे पाहत. भाऊ श्वास रोखून उभे. आम्हीही. मला शिंक येत होती, ती मी नाक दाबून परत पाठवली. कावळा एक उडी पुढे आला. थांबला. पुन्हा भाऊंकडे पाहिलं. आणखी एक उडी. मग चोच भातात घातली, एक मोठा घास उचलला आणि निघून गेला.

"शिवला!" गुरुजी म्हणाले. पाठ फिरवलेल्या माणसाला ते कसं दिसलं, हे भाऊंनी त्या दिवशी विचारलं नाही. यावरून त्यांची अवस्था ओळखा.

डोळे पुसत ते माझ्याकडे वळले. "पाहिलंत ना? आधी थांबला होता. मला काही होतंय का, ते बघत होता."

"बघत होता," मी म्हणालो.

"आबाच. दुसरा कुणी असता तर आल्या आल्या तुटून पडला असता." नाक ओढत ते हसले. "पण खाल्लं हो. माझ्या भरवशावर खाल्लं."

बहिणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वहिनींनी पदराच्या टोकाला बांधलेली दुकानाची जुनी किल्ली सोडली आणि भाऊंच्या हातात ठेवली. आबा गेले तेव्हा त्यांच्या कमरेची काढून ठेवलेली ती किल्ली वर्षभर वहिनींकडेच होती. भाऊ दुकान उघडायचे ते स्वतः घासलेल्या डुप्लिकेटनं.

आम्ही जेवायला खाली निघालो. भाऊंनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. हिसक्यासाठी हात पुढे गेला, आम्ही पाहतोय हे लक्षात आलं, आणि हात तसाच मागे आला. "चला," ते म्हणाले. आम्ही थक्क. पण जिन्याच्या मध्यावर त्यांची चाल मंदावली. मग थांबली.

"जा," वहिनी वळून न पाहता म्हणाल्या. "ओढून या."

भाऊ वर पळाले. कुलपाचा खडखडाट ऐकू आला. थोडा वेळ शांत, मग पुन्हा खडखडाट. आणि वर कुठंतरी कावळा ओरडला.

"आता दोघं मिळून ओढत बसतील," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही घ्या जेवून. आणि मीठ कमी असेल तर आधी सांगा."