नान कोलाशाचं चार पोती शेवाळ

आमच्या पाशोत गावात ‘नासिमिएन्तो’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी आहे. डोंगरात पाणी जिथे जन्म घेतं तो झरा म्हणजे नासिमिएन्तो, आणि डिसेंबरात घरोघरी येशूबाळाच्या जन्माचा जो देखावा मांडतात तोही नासिमिएन्तो. यात आजवर कुणाचा गोंधळ झाला नव्हता, कारण बोलणाऱ्याच्या हातात घागर आहे की मातीची मेंढी, हे समोरच्याला दिसतंच. गोंधळ झाला तो कागदावर.

मार्च महिना होता. माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्गाला त्यांच्या बाईंनी, सेन्यो मार्लेनीनी, काम दिलं होतं: गावातल्या पाण्याचं काय होतंय ते शोधून काढा. मुलं नऊ, त्यात माझी हैदी. दर शुक्रवारी ही फौज झऱ्यावर जायची, नळीखाली वीस लिटरची बादली ठेवायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायची. शिवाय घरोघरी वाटायला तीन प्रश्नांचा कागद केला होता. तुमचा सर्वांत जवळचा नासिमिएन्तो कुठला? त्याची अवस्था कशी आहे? त्याची काळजी कोण घेतं?

बासष्ट कागद भरून आले. मी तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकत होते आणि हैदी व बेकरीवाल्यांचा एल्मेर टेबलावर उत्तरं वाचत होते.

“‘अवस्था उत्तम, दरवर्षी मोठा होतो,’” एल्मेरने वाचलं आणि माझ्याकडे वळला. “दोन्या ओदी, झरा दरवर्षी मोठा कसा होईल? आमची बादली तर रडत भरते.”

“पुढचं ऐक,” हैदी म्हणाली. “‘दिवे छान आहेत, पण बदकं फार झाली.’”

“पाण्यात दिवे?”

“‘मागच्या वर्षी एका राजाची मान तुटली होती, ती डिंकाने चिकटवली.’” हैदीने कागद खाली ठेवला. “आई! हे सगळे नान कोलाशाच्या देखाव्याबद्दल लिहितायत!”

बासष्टपैकी सत्तेचाळीस जणांनी तेच केलं होतं. काळजी कोण घेतं या प्रश्नापुढे सत्तेचाळीस वेळा एकच नाव. त्यातला एक कागद माझा होता. शहरात कॉलेज शिकलेली बाई मी. भाकरी उलटायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

नान कोलाशा म्हणजे निकोलासा शिकाय. वडीलधाऱ्या बाईला आम्ही नान म्हणतो. गावात अशा पंचवीस नान असतील, पण नुसतं ‘नानकडे जाऊन ये’ म्हटलं की पोर कोलाशाच्याच दारात जाऊन उभं राहतं. वय पासष्टीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि आवाज असा की चर्चच्या घंटेची दोरी तुटली त्या वर्षी लोक म्हणत, नानलाच पायरीवर उभी करा. वर्षभर ती बाजाराच्या कोपऱ्यावर आतोल विकते, मक्याची गरम गोडसर पेज. डिसेंबर उजाडला की आतोलचं भांडं पालथं घालते आणि पुढच्या खोलीत देखावा मांडायला घेते. खोलीभर. आरशाच्या तुकड्याचं तळं, तळ्यात बदकं, तीन राजे, त्या तिघांहून मोठा एक कोंबडा, शंभरावर मेंढ्या, आणि या सगळ्यांच्या खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेलं हिरवंगार शेवाळ. डोंगरातल्या झाडांच्या बुंध्यांवर आणि दगडांवर गादीसारखं जाड वाढतं ते. चार पोती लागतात.

त्या शेवाळामागे नवस आहे. शहात्तर सालच्या फेब्रुवारीत कोलाशा नुकती आई झालेली होती. पोरगी तीन महिन्यांची, नाव एउलालिया. दोन फेब्रुवारीला, कान्देलारियाच्या सणाला, आम्ही देखावा उतरवतो. तसा तिनेही उतरवला आणि शेवाळ लाकडी खोक्यात भरून टेबलाखाली सारलं. दोन दिवसांनी पोर सर्दीने किरकिरत होती, म्हणून तिला त्या मऊ खोक्यातच निजवलं. पहाटे भूकंप झाला. मातीची भिंत टेबलावर आली, टेबलाचे पाय मोडले, पण खोकं टिकलं. ढिगारा उपसला तेव्हा पोर मुठीत शेवाळ धरून हुंकार देत होती. त्याच दिवशी कोलाशा नवस बोलली: मी जिवंत आहे तोवर बाळ येशू हिरव्या शेवाळावर निजेल. आज एउलालिया राजधानीत शिवणकामाचे वर्ग घेते, तिला स्वतःला नातू आहे, आणि तरी कोलाशाने एक डिसेंबर चुकवलेला नाही.

तर, सत्तेचाळीस जणांनी नाव घेतलं म्हणून मुलं तिच्या घरी गेली. निदान त्यातून हसण्याजोगं काही मिळेल, एवढाच विचार. हातात वह्या बघून नानचा वेगळाच समज झाला. नगरपालिका दरवर्षी देखाव्यांची स्पर्धा घेते आणि नानला एकदाही बोलावणं आलेलं नव्हतं.

“स्पर्धेचे ना तुम्ही? या, या! आणि मार्चमध्येच? नगरपालिकेला कधी नव्हे ती वेळेत जाग आली म्हणायची. बसा. आतोल घ्या. लिहा, निकोलासा, मधे ‘क’ला ओकार.”

हैदी सांगायला तोंड उघडेपर्यंत प्रत्येकाच्या हातात वाटी आली होती. मग नान सांगत सुटली. मेंढ्या किती, राजे कुठून आणले, आणि शेवाळ.

“चार पोती माझी. शिवाय गल्लीतल्या एकवीस घरांना परात परात भरून देते. आणि ते बाजारातलं वाळकं शेवाळ नाही हं! झऱ्याच्या वरच्या अंगाला जो ओला उतार आहे ना, तिथलं. तसं दुसरीकडे कुठेच नाही. पूर्वी तासाभरात पोतं भरायचं. आता बरंच वर चढावं लागतं, खालचं सगळं उघडं पडलंय.”

मुलांच्या वाट्या तोंडाशीच थांबल्या. त्याच उताराचे फोटो त्यांच्या वहीत चिकटवलेले होते. तिथेच त्यांनी दोन बाटल्या ओतून पाहिल्या होत्या. उघड्या मातीवर ओतलेलं पाणी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच खाली घरंगळलं होतं. शेवाळावर ओतलेलं बाहेर यायला लागेपर्यंत मुलांची दोन गाणी ऐकून झाली होती. उतार कोण सोलतंय एवढंच त्यांना सापडत नव्हतं. ते आता आतोल वाढत समोर उभं होतं.

हैदी घरी आली ती न जेवता बसून राहिली. एप्रिलअखेर गावसभेत अहवाल वाचायचा होता, आणि तो तिलाच वाचायचा होता.

“आई, नाव घेतलं तर नानचा नवस मोडेल. नाही घेतलं तर अहवाल खोटा होईल.”

“तिला आधी जाऊन सांग,” मी म्हटलं. “लोकांसमोर पहिल्यांदा ऐकायला लावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. मी सोबत गेले, पण कुंपणाबाहेर थांबले. आत काय चाललंय ते ऐकायला आत असण्याची गरज नव्हती.

“मी पाणी चोरते?”

“चोरता असं नाही नान...”

“मग काय करते? माझ्या आईने मला त्या झऱ्यावर आंघोळ घातली! तुझी आजी अन् मी तिथं धुणी धुतली! आणि तू, काल नाक पुसायला शिकलेली, मला सांगतेस?”

“नान, शेवाळ पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू...”

“ती स्पर्धा नव्हतीच ना?”

“नव्हती, नान.”

“माझं आतोल पिऊन गेलात,” नान म्हणाली, आणि दार लागलं.

पुढचा आठवडाभर बाजाराच्या कोपऱ्यावर भांडं वाफाळत असायचं, पण शाळेच्या गणवेशातल्या मुलाने वाटी पुढे केली की नान आभाळाकडे बघून म्हणायची, “संपलं.” मागून आलेल्या ट्रकवाल्याला मात्र काठोकाठ. एल्मेर एकदा बापाचा कोट घालून गेला. त्यालाही संपलं.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी, पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या कोरड्या दिवसांत, मुलं झऱ्यावर पोचली तर नान आधीच तिथे बसलेली. शेजारी तिची जुनी मातीची घागर.

“बघू द्या तुमचं मोजमाप,” ती म्हणाली.

बादली भरायला पावणेसात मिनिटं लागली. नान धारेकडे बघत राहिली. मग म्हणाली, “याआधी किती वेळ लागायचा?”

“तेच तर माहीत नाही,” सेन्यो मार्लेनी म्हणाल्या. “आम्ही फेब्रुवारीत मोजायला लागलो. जुने आकडे कुणाकडेच नाहीत.”

“कुणाकडेच कसे नाहीत? माझ्याकडे आहेत.” नानने घागर उचलून नळीखाली ठेवली. “माझी आई घड्याळ कुठलं आणणार? आम्ही ‘आमच्या बापा’ म्हणत पाणी भरायचो. याच महिन्यात, याच घागरीला चार प्रार्थना. चौथी संपली की घागर बाजूला घ्यायची, पुढची बाई उभीच असायची.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एल्मेरने मोबाइल सरसावला. नानने डोळे मिटले आणि सुरू केलं.

“नान, भरभर म्हणू नका, आकडा चुकेल!”

“देवाशी बोलतेय, बस पकडायला धावत नाहीये! गप्प बस.”

चार झाल्या. घागर अर्धीही नव्हती. सहा, सात. आठव्या प्रार्थनेला नानचा आवाज खाली आला. नवव्या-दहाव्यापासून हैदी तिच्याबरोबर म्हणायला लागली. पाणी काठाला लागलं तेव्हा अकरा झाल्या होत्या.

“एका प्रार्थनेला बावीस सेकंद,” एल्मेर वहीत लिहीत म्हणाला. “म्हणजे पूर्वी दीड मिनिट, आता चार.”

“सेकंद तुझे तू लिही,” नान म्हणाली. “चाराच्या अकरा झाल्या, एवढं मला कळतं.”

घागर डोक्यावर घेऊन ती उतरू लागली. वाटेत थांबून तिने एकदा त्या उघड्या उताराकडे पाहिलं. सोमवारी गणवेशवाल्यांना आतोल मिळालं.

गावसभेत हैदीने अहवाल वाचला. शेवाळाच्या परिच्छेदाशी आल्यावर तिने “वस्तीतल्या काही घरांसाठी” असं वाचलं आणि घाईने पान उलटलं. मागच्या बाकावरून घंटेचा आवाज आला.

“नाव का गाळलंस? नासिमिएन्तोची काळजी कोण घेतं तिथं सत्तेचाळीस वेळा लिहिलंय ना माझं नाव? मग इथंही वाच. शेवाळ मी आणते. आता ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून परात भरून नेली, त्यांनी हात वर करा. दोन्या ओदिलिया, तुमचा दिसत नाही मला!”

मी हात वर केला. मग एकेक करत वीस हात वर आले. शेवटचा पाणी समितीच्या अध्यक्षांचा. त्या उताराला पाच वर्षं कुणी हात लावायचा नाही असं ठरलं, आणि ते ठरवताना नानने सगळ्यांच्या आधी मान डोलावली.

घरी येताना मात्र ती मला कोमाद्रे, म्हणजे मैत्रीण, म्हणत हळू बोलली. तेवढी हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“कोमाद्रे, गावाला दिलेला शब्द झाला. त्याला दिलेल्या शब्दाचं काय करू?”

पाद्रीबाबांनी तिला सांगितलं की देव समजून घेईल. त्यावर ती मला म्हणाली, “त्यांना काय जातंय? पोर माझी होती.”

पावसाळाभर हैदी रोज शाळेतून येताना तिच्याकडे डोकावायची आणि सांगायची, नान मागच्या अंगणात धुण्याच्या हौदाशी काहीतरी करत असते, विचारलं तर हाकलते.

नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना सुरू होतात ती डिसेंबरची सोळा तारीख आली. एउलालिया राजधानीहून आली, गल्ली नानच्या पुढच्या खोलीत जमली. देखावा नेहमीएवढाच, भिंतीपासून भिंतीपर्यंत. पण जमीन लाकडाच्या भुशाची होती, हिरवा रंग दिलेल्या. मेंढ्या भुशात गुडघ्यापर्यंत रुतल्या होत्या आणि कोंबड्याचे पाय हिरवे झाले होते. मधोमध गोठा. गोठ्यात एक जुनी मातीची थाळी, आणि थाळीत तळव्याएवढं जिवंत, ओलं, गर्द शेवाळ. चोवीस तारखेला बाळ त्यावर यायचं होतं.

“हे कुठून आणलंस गं?” समितीच्या अध्यक्षांची बायको टपलेलीच होती. “ठरलं होतं ना?”

“माझ्या हौदाच्या मागच्या भिंतीवरचं आहे. सात महिने पाणी शिंपडून वाढवलंय. येऊन बघ, जागा अजून ओली आहे.”

“पण नवस? चार पोत्यांचं एवढुसं?”

नानने थाळीवर दोन बोटांनी पाणी शिंपडलं.

“मी बाळाला कबूल केलं होतं,” ती म्हणाली. “मेंढ्यांना नाही.”

खोलीत हशा पिकला. एउलालिया मात्र हसली नाही. तिने वाकून त्या शेवाळाला बोट लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

कान्देलारियाला देखावा उतरला. नानने थाळीतलं शेवाळ केळीच्या पानात गुंडाळलं आणि हैदीला व एल्मेरला घेऊन झऱ्याच्या वरच्या उतारावर गेली. मीही मागोमाग होते. तिने एका उघड्या दगडावर ते चिकटवलं, तोंडात पाणी घेऊन इस्त्रीच्या कपड्यावर मारतात तशी वर फवारणी केली आणि तळव्याने थोपटलं, पोराला थोपटावं तसं. मग खाली येऊन नळीखाली घागर लावली आणि डोळे मिटले.

“सहा!” घागर भरल्यावर तिने डोळे उघडले. “सहाच! पाहिलंत?”

एल्मेरने वही छातीशी धरली. “नान, हा फेब्रुवारी आहे. डोंगरात अजून पावसाचं पाणी आहे. याची तुलना एप्रिलशी होत नाही.”

“काय मेला हिशेबी पोरगा!” नानने घागर डोक्यावर चढवली. “बरं. एप्रिलमध्ये परत म्हणेन. तू तुझं ते यंत्र तेवढं चार्ज करून आण.”