गंजावर मारलेला टाका

चूक माझी होती, हे आधी सांगून टाकतो. शिडीची तुटलेली पायरी मी जोडली आणि पडल्या मात्र शेतावर मजुरीला येणाऱ्या हौसाबाई.

या हिवाळ्यात शेतावरच्या किरकोळ दुरुस्त्यांसाठी मी वेल्डिंग शिकलो. शिकवणारे हुसेनभाई पहिल्याच सकाळी म्हणाले होते, "दादा, आधी गंज खरवडा. गंजावरचा टाका नुसता बसतो, धरत नाही." पण थंडीत गारठलेलं लोखंड घासायचा मला कंटाळा आला. गंजावरच टाका मारला आणि वरून चंदेरी रंग फासला.

तिसऱ्या दिवशी शेवग्याच्या शेंगा काढताना ती पायरी निखळली. हौसाबाईंचं मनगट मोडलं. आणि मी सगळ्या मजुरांसमोर ओरडलो, "बाई, पाय नीट ठेवायचा ना!"

त्या वाक्याची मला अजून चीड येते. पडलेल्यालाच चालायला शिकवायची ही कसली आपली खोड? पूल खचला तरी आपण विचारतो, तू त्यावरून गेलासच कशाला? रंग फासणाऱ्याला कुणी विचारत नाही, कारण बहुतेकदा ओरडणारा तोच असतो.

काल ती पायरी घेऊन हौसाबाईंकडे गेलो, आतला गंज दाखवला. त्या म्हणाल्या, "मला काय दाखवता? मी तर पडलेच की! ज्यांच्यासमोर बोललात, त्यांना दाखवा."

आज सकाळी सगळे शेंगा बांधायला जमले, हौसाबाईही मोडलेला हात गळ्यात बांधून आल्या. मी पायरी मधोमध ठेवली आणि म्हणालो, "यांचा पाय नीटच होता. माझं काम खोटं होतं आणि बोलणंही. हौसाबाई, मला माफ करा."