सलीमभाईचं एक जेवण

दोन हजार चोवीस साल. चैत्र, पौर्णिमेची आदली संध्याकाळ. त्या संध्याकाळपर्यंत पाच वर्षं माझ्यावर एक जेवण चढलेलं होतं. ते का उतरत नव्हतं, हे सांगायचं तर किस्से सांगावे लागतात. सणाला चाळीस माणसं घरी बोलावणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणसं जातात, किस्से मागे राहतात. कुणाची छत्री राहते, कुणाचा चष्मा राहतो, तसे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, राहायला बिबवेवाडीत. मी सातवी शिकलो, बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. कुणाचं काही देणं ठेवलं नाही. पेसाह हा आमचा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याचा सण. आठ दिवस घरात पाव, बिस्किट, खमिराचं काही ठेवायचं नाही. पहिल्या रात्री सेदर. सगळ्यांनी लोडाला डावीकडे टेकून बसायचं, कारण गुलामाला टेकून जेवता येत नाही. आधी सुटकेची पोथी वाचायची, मग जेवायचं.

लोड सलीमभाई गादीवाला देतो. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर पुढे त्याचं दुकान, मागे घर.

*

२०१९. सणाच्या आदल्या दिवशी आमच्या मजल्यावरचा पाइप फुटला. घरात घोट्याभर पाणी आणि आमंत्रणं गेलेली. सलीमभाई वर आला, पाणी बघितलं, म्हणाला, "मिस्त्री, तांबडा समुद्र घरातच आला की! चला, खाली करा सण."

मी म्हटलं, "तुझ्या घरात पाव असतो."

"काढतो."

त्याने पाव काढला, खारी काढली, टोस्टचा डबा भावाकडे पाठवला. बॅटरी घेऊन कपाटाखाली पालथा झोपला. अशी सफाई आपल्या घरी कधी झाली नाही, असं मी बायकोसमोर बोललो. चूक झाली.

मग पिंजरा दिसला. पोपट पाव खायचा, तळाशी चुरा. सलीमभाईने पिंजऱ्यासकट पोपट येरवड्याला बहिणीकडे पाठवला. सण संपला तरी बहीण परत देईना. तिच्या पोरांना लळा लागला.

सलीमभाई म्हणाला, "लोक येरवड्यातून सुटतात. हा येरवड्याला जाऊन सुटला!"

*

त्याच वर्षी सेदरच्या रात्री माझा भाचा रूबेन कोरेगाव पार्कातून इस्राएलचे नऊ प्रवासी घेऊन आला. पाठीवर पोत्याएवढ्या बॅगा. मला न विचारता. त्यातल्या एकाने भात बघून नाक मुरडलं. त्यांच्याकडे ह्या सणाला भात चालत नाही म्हणे.

मी रूबेनला म्हटलं, "सांग त्याला, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्याला चालत नसेल तर आम्ही जेवतो, त्याने बघावं."

त्याने तीनदा भात घेतला!

पातेली घासायला काढली तेव्हा लक्षात आलं. सलीमभाई आणि त्याची बायको नसीम, दोघं रात्रभर वाढत होते. त्यांच्यासाठी काही उरलंच नव्हतं. घर त्यांचं, लोड त्यांचे आणि ते नुसत्या चहावर झोपले. चहाबरोबर खारीसुद्धा नाही. ती मीच घराबाहेर काढायला लावली होती.

सकाळी मी म्हटलं, "तुझं एक जेवण माझ्याकडे राहिलं. ह्याच सणाचं. बसून, टेकून, पोटभर."

"अहो मिस्त्री, सोडा ना."

"सोडायचं असतं तर बोललो नसतो."

*

पुढच्या वर्षी टाळेबंदी. इमारत सील, जिना बंद. सेदर मोबाइलवर. मी डबा भरला, बादलीत ठेवला आणि दोरीने गॅलरीतून खाली सोडला. सलीमभाई खिडकीतून हात बाहेर काढून तयार. बादली त्याच्यापासून दोन हात लांब लोंबकळत राहिली. तेवढ्यात फाटकावर बसवलेल्या स्वयंसेवकाने ती धरली. त्या दिवसांत लोक त्याला असंच वरून जेवण देत. त्याने वर बघून हात जोडले. हात जोडलेल्या माणसाला काय सांगणार?

जेवून झाल्यावर खालून ओरडला, "आजोबा, रस्सा एक नंबर! पापड तेवढा जाड झालाय, आणि मीठ विसरलात!"

तो मात्सा होता. आमची बिनखमिराची, बिनमिठाची पोळी.

२०२१ सालीही कोरोनामुळे बोलावणी बंद. त्या वर्षीचं सांगण्यासारखं काही नाही.

*

२०२२ साली पेसाह रमजानमध्ये आला. सलीमभाई घरी रोजा सोडून, नसीमच्या हातचं भरपेट खाऊन वर आला. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "झालं मिस्त्री, फिटलं!"

मी म्हटलं, "दोन घासांना आमच्याकडे चव बघणं म्हणतात."

२०२३. पुन्हा रमजान. ह्या वेळी मी बजावलं, रोजा माझ्याकडेच सोडायचा. आला. खजूर खाल्ला, पाणी प्यायला, लोडाला टेकला. पोथी वाचायला रूबेन. तो कोथरूडला राहतो, आयटीत आहे. दरवेळी आपली साधी पोथी असते. ह्याने मोबाइलवर कुठलं तरी ॲप काढलं. एक ओळ हिब्रू, मग मराठी, मग त्याच्यावर चर्चा! मध्ये थांबवायची आमच्यात पद्धत नाही. मी थांबवलं नाही.

दीड तासाने सलीमभाई हळूच म्हणाला, "मिस्त्री, ही सुटकेचीच गोष्ट आहे ना? मग कुणाला तरी सोडा!"

सेदरला घरातल्या सगळ्यात लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे असतात. माझ्या नातीने चार विचारले आणि पाचवा स्वतःचा जोडला, "सलीमचाचा कधी जेवणार?"

उत्तर मिळेपर्यंत सलीमभाई रमजानच्या रात्रीच्या लांब नमाजाला निघून गेला होता.

*

२०२४. रमजान आधीच संपलेला, पाइप ठीक, भात दुप्पट. लोड मी स्वतः दोन मजले वर वाहून आणले. सलीमभाईला मधोमध बसवलं आणि सांगितलं, "उठलास तर बघ."

सुरुवातीला आम्ही दार उघडून मोठ्याने म्हणतो, "जो भुकेला असेल त्याने आत यावे, जेवावे." मी म्हटलं. आणि जिन्यावरून पंधरा माणसं आत आली! लोकसभेचे दिवस. पुढे हात जोडून एक अपक्ष उमेदवार, गळ्यात हार. एलियाहू नबीसाठी आम्ही एक जागा रिकामी ठेवतो. उमेदवार तिथेच बसला.

बायको रिबका माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "बोललोय आपण. वाढ."

रूबेनने मिसरवर आलेली संकटं मराठीतून वाचली. पाण्याचं रक्त झालं, बेडूक झाले, उवा झाल्या, गुरं मेली, अंधार पडला. उमेदवार गंभीर झाला. कार्यकर्त्याला म्हणाला, "लिहून घे रे. पाणी आधी. लाइटचं पण लिही. आजोबा, किती दिवस चाललंय हे?"

मी म्हटलं, "तीन-साडेतीन हजार वर्षं."

"निवडून आलो की पहिलं हेच काम!"

जेवण वाढलं. दिवसभर ऊन खाल्लेली माणसं, भात बघताबघता संपला. सलीमभाईपुढे भरलेलं ताट होतं. तेवढ्यात उमेदवाराचा ड्रायव्हर गाडी लावून वर आला. सलीमभाईने ताट त्याच्यापुढे सरकवलं. मी वळून बघेपर्यंत ड्रायव्हरने रस्सा कालवलेला!

पातेल्यात काही नव्हतं. एकच ताट शिल्लक, माझं. मी ते उचललं आणि सलीमभाईपुढे ठेवलं.

"आणि तुम्ही?"

"खा."

"अर्धं-अर्धं घेऊ."

"अर्ध्याने माझं भागत नाही."

पलीकडे जेवून बसलेली नसीम म्हणाली, "खा हो! नाहीतर पुढच्या वर्षी परत ती पोथी ऐकायला लागेल!"

सलीमभाई डावीकडे टेकला आणि जेवला. मी समोर बसून राहिलो. घरातली पन्नास माणसं त्याच्याकडे बघत होती, उमेदवारसुद्धा. शेवटी त्याने ताट बोटाने पुसून घेतलं, पाणी प्यायला, ढेकर दिली.

फिटलं.